उसनं मत

वेलिंग्टनमधल्या जॉन्सनव्हिलच्या त्या घरात मी भाड्याने राहायला गेले, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी घरमालक माझं मत मागायला आले. दार वाजलं म्हणून उघडलं, तर समोर सत्तरीचे उंच, किंचित वाकलेले गृहस्थ. पायात मोजे, मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर्स, हातात काचेची रिकामी बरणी. मला वाटलं, साखर मागायला आलेत.

"दुपारच्या भाजीसाठी दोन उमेदवार उरलेत," ते म्हणाले. "फ्लॉवर आणि वांगं. कोबी पहिल्या फेरीत बाद झाला. या चिठ्ठीवर नाव लिही, घडी घाल आणि यात टाक. मी बघणार नाही."

आणि खरोखरच पाठ करून उभे राहिले. वेलिंग्टनचा वारा त्यांचे पांढरे केस चारी दिशांना ओढत होता आणि ते समोरच्या टेकडीकडे अशा गंभीरपणे बघत होते, की मला हसायचं धाडस झालं नाही. मी वांगं लिहिलं. दोन-दोन मतं पडली आणि छापा-काट्यावर फ्लॉवर जिंकला. वर जेवायला बोलावलं होतं म्हणून गेले, तर हे घरमालक काका ओट्याशी फ्लॉवरचे तुरे सोडवत उभे होते.

"आपण हरलो," ते मला म्हणाले. "हरलेल्याने भाजी चिरायची असा नियम आहे. तू पाहुणी आहेस म्हणून आज माफ."

त्यांच्या मुलीला, शुभदाताईला, फार लाजल्यासारखं झालं होतं. "बाबा, ती भाडेकरू आहे. तिला कशाला छळता?"

"भाडं देते म्हणजे कर देते. कर घेऊन मत नाकारलं म्हणून एक अख्खा देश फुटून वेगळा झाला, तिथे मी आयुष्य काढलंय."

"तो फुटला तेव्हा तुम्ही नव्हता बाबा."

"नंतर तर होतो," काका म्हणाले आणि फ्लॉवर धुवायला घेतला.

काका मूळचे पुण्याचे. न्यूजर्सीत पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर म्हणून नोकरी केली, तिथलेच नागरिक झाले. काकू गेल्या, आणि दुसऱ्या वर्षी ते वेलिंग्टनला मुलीकडे आले. शुभदाताई नवऱ्यापासून वेगळी होऊन, लहानग्या रेवाला घेऊन इथे आधीच आली होती आणि हॉस्पिटलात फार्मसिस्ट होती. काकांनी न्यूजर्सीतलं घर विकून हे दुमजली घर घेतलं. वरच्या मजल्यावर ते तिघं, खाली मी. मी पुण्याहून सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर आलेले, एकटी. कोणीतरी आपल्याकडे काहीतरी मागायला येतं, मग ते मत का असेना, याचं मला त्या दिवसांत अप्रूपच वाटलं.

न्यूझीलंडशी त्यांनी अर्धवट तह केला होता. रस्त्यात भेटेल त्याला माओरी पद्धतीने "किया ओरा" म्हणायचे, पण त्याला 'काय राव' असा सूर लावून. गाडीच्या बाबतीत मात्र शरीराने अमेरिका सोडली नव्हती. दर वेळी डावीकडचं दार उघडून ऐटीत बसायचे, समोर स्टिअरिंग नाही हे लक्षात आलं की खणातलं काहीतरी शोधायला बसल्यासारखं करायचे, आणि मग उतरून पलीकडे जायचे. हे सगळ्यांना माहीत होतं. त्या वेळी दुसरीकडे बघायचं, हे रेवालाही कोणी न सांगता समजलं होतं.

इथल्या निवडणुकांविषयी त्यांची एकच तक्रार होती. "इथे उमेदवार आयता मिळतो. तो कोणी ठरवला, विचारायची सोय नाही. आमच्याकडे आधी पक्षातल्या पक्षात मतदान होतं. आपला उमेदवार कोण, हे साध्या मतदाराने ठरवायचं. घरातल्या घरात आधी भांडून घ्यायचं, म्हणजे मग बाहेर एकीने भांडता येतं."

"आणि घरातलं भांडण मिटलंच नाही तर?" मी एकदा विचारलं.

"मग हरायचं," ते म्हणाले. "हरण्याची सवय पाहिजे माणसाला."

ती त्यांना होती. नागरिक झाल्यापासून पक्षातल्या प्रत्येक मतदानात त्यांनी भाग घेतला होता, आणि ज्याला मत द्यावं तो पडला होता. त्या पडलेल्यांविषयी ते फार मायेने बोलत. अमका भाषणात अडखळायचा, तमक्याचा कोट त्याला मोठा व्हायचा. एकदाच, म्हणे, त्यांचा माणूस जिंकला होता. तो कोणता, असं विचारलं की त्यांना गॅसवरचं दूध आठवायचं.

दोन हजार सोळा उजाडलं आणि आमच्या घरात अमेरिका शिरली. अध्यक्षपदासाठी काकांच्या पक्षाची उमेदवारी मागणारे दोघं होते. एक बाई, सगळी पदं भूषवून आलेली, अनुभवी. दुसरा एक म्हातारा, विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचा, बोट नाचवत बोलणारा. काका बाईंच्या बाजूचे. रेवा सतरा वर्षांची, पण नोव्हेंबरच्या आत अठरा पूर्ण करणाऱ्यांना पक्षाच्या मतदानात भाग घेता येत होता, आणि जन्म न्यूजर्सीतला असल्यामुळे तिला मत होतं. ती म्हाताऱ्याच्या बाजूची. शुभदाताई म्हणाली, मला ड्यूटी आहे, मला यात ओढू नका.

रेवाला मराठी सगळं समजायचं. उत्तर इंग्रजीत यायचं. त्यामुळे त्यांची भांडणं ऐकताना दोन वेगवेगळ्या नाटकांचे प्रवेश एकाच रंगमंचावर चालल्यासारखे वाटायचे.

"त्याचं वय काय! या वयात माणसाने नातवंडं खेळवावीत."

"ही लिसन्स टू अस, आजोबा."

"मी नाही ऐकत?"

"यू काउंट अस."

काकांना खरं लागलं होतं ते वेगळंच. संध्याकाळी माझ्याकडे चहाला आले तेव्हा म्हणाले, "मला एक सांग. पांढरे केस त्याचेही आहेत, माझेही आहेत. तोही ओरडून बोलतो, मीही बोलतो. तेच तेच तर दोघंही बोलतो. मग त्याचं बोलणं ही पोरगी कानात बोळे घालून पुन्हा पुन्हा ऐकते आणि मी तोंड उघडलं की तिला टॉयलेटला कशी लागते?"

मी म्हटलं, "तो तिला ब्रोकोली खायला सांगत नाही."

"सत्तेवर आला की सांगेल," काका म्हणाले.

प्रचार जोरात होता. रेवाने तिच्या खिडकीत म्हाताऱ्याचं चित्र चिकटवलं. काकांनी कुंपणाला बाईंच्या नावाचा मोठा फलक बांधला. वेलिंग्टनच्या वाऱ्याला पक्ष नसतो. फलक दुसऱ्याच दिवशी उडाला. संध्याकाळी शेजारचे बॅरी तो काखेत घेऊन आले. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला भला माणूस.

"तुमचा फलक माझ्या टोमॅटोंवर पडला होता, मेट," ते म्हणाले. "या बाई काउन्सिलला उभ्या आहेत का? आमच्या गल्लीतल्या फुटपाथचं काही करतील का विचारा."

काकांनी त्यांना बसवून पक्षांतर्गत निवडणुकीची सगळी पद्धत समजावली. बॅरींनी शांतपणे ऐकलं, "स्वीट ॲज", म्हणजे 'झकास', म्हणाले आणि जाताना मला हळूच विचारलं, "म्हणजे फुटपाथचं नाहीच?"

माझं मत नव्हतं, तरी दोघं माझ्याकडे प्रचाराला यायचे. रेवा माझ्या टेबलावर अभ्यास करायची. वर आजोबांचा रेडिओ असतो म्हणून. ती गेली की काका यायचे. "काय म्हणत होती? डगमगतेय का?" मी दोघांनाही सांगायचे, की समोरची बाजू जरा डगमगतेय. घरात शांतता राखायला तेवढंच माझ्या हातात होतं.

मतदान मार्चमधल्या एका शनिवारी होतं. परदेशात राहणाऱ्या अमेरिकन लोकांसाठी पक्षाने शहरातल्या एका बारचा वरचा मजला घेतला होता. शुभदाताई ड्यूटीवर, म्हणून गाडी मी चालवली. काका ब्लेझर, टाय आणि चक्क बूट घालून आले. रेवा मागे बसली. अख्ख्या रस्त्यात दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. माझ्यामार्फत बोलले.

"तिला म्हणावं, पासपोर्ट घेतलास का."

"टेल हिम येस."

बारच्या दाराशी काका थबकले. "मतदान इथे?"

"वरच्या मजल्यावर आहे काका."

"जिना बारमधूनच जातोय ना," म्हणाले, आणि देवळात घंटा बडवून आत शिरावं तसा घसा खाकरून आत शिरले.

वर खोलीचे सरळ दोन भाग पडले होते. एका बाजूला तरुण मंडळी, पाठीवर सॅक, हसणं-खिदळणं. ही सगळी म्हाताऱ्याची माणसं. खिडकीशी पांढऱ्या केसांचा एक छोटा घोळका, हातात चहाचे कप. ते सगळे म्हाताऱ्याच्या विरुद्ध. खोलीत तरुण कोण नि म्हातारे कोण एवढं बघितलं की कोणाला मत पडणार ते विचारायलाच नको होतं. फक्त ते नेमकं उलटं धरायचं होतं.

जिना चढून काकांना धाप लागली होती आणि वाऱ्याने केसांचं जे व्हायचं ते झालं होतं. डोक्यावर अंबाडा बांधलेला एक मुलगा धावत आला, त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "सर, लव्ह युअर एनर्जी," आणि त्याने त्यांच्या ब्लेझरवर म्हाताऱ्याचं स्टिकर चिकटवलं.

काका खाली स्टिकरकडे बघत राहिले. रेवा इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं. कित्येक आठवड्यांनी तिला त्यांच्यासमोर हसताना मी पाहत होते. काकांनी स्टिकर सोलून काढलं, पण फेकलं नाही. घडी घालून खिशात ठेवलं आणि खिडकीपाशी आपल्या लोकांत गेले. तिथे एक बाई सांगत होत्या, "माझा मुलगा या निवडणुकीपायी माझ्याशी बोलत नाही." दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "माझा बोलतो. तेच तर दुःख आहे."

रेवाने पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन पटकन मत दिलं. मग काका गेले. पुठ्ठ्याखालून त्यांचे बूट दिसत होते. बराच वेळ ते बूट हललेच नाहीत. मागे रांग वाढली. टेबलावरच्या मुलीने विचारलं, "यू ओके देअर, सर?"

"विचार करतोय," आतून उत्तर आलं. इंग्रजीत नाही, मराठीत.

बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता. गाडीपाशी डावीकडचं दार उघडून बसले. मीच चालवत असल्यामुळे या वेळी ते बरोबरच होतं. रेवाने मागून, सरळ त्यांच्याशी बोलत, विचारलं, "सो? डिड यू डू इट?"

"मतदान गुप्त असतं," काका म्हणाले.

त्या खोलीत आणि परदेशातल्या बहुतेक खोल्यांत म्हाताराच जिंकला. पण खुद्द अमेरिकेत बाई पुढे गेल्या, आणि इकडे हिवाळा लागेपर्यंत उमेदवारी त्यांची झाली. इतकी वर्षं हरल्यावर काकांची बाजू जिंकली होती. मला वाटलं, आता भाजीऐवजी श्रीखंड. काकांनी टीव्ही बंद केला आणि कुंडीतल्या कढीपत्त्याला पाणी घालायला गेले. वर रेवाच्या खोलीचं दार बंद होतं. खिडकीतलं चित्र गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने जेवताना जाहीर केलं, की नोव्हेंबरमध्ये ती मत देणार नाही. मतपत्रिका मागवणारसुद्धा नाही. बाई तिला पटत नाहीत, आणि न पटणाऱ्याला ती मत देणार नाही. काकांनी समोरच्या पक्षाचा उमेदवार किती भयंकर आहे ते सांगितलं. तिला ते त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी आकडे दिले, नकाशे काढले. ती शांतपणे ऐकायची आणि म्हणायची, "आय नो, आजोबा. स्टिल नो." ओरडणाऱ्या रेवाशी काका तासभर भांडू शकायचे. या शांत रेवापुढे ते नकाशे गुंडाळून ठेवायचे.

सप्टेंबरमधल्या एका दुपारी ती माझ्या टेबलावर जीवशास्त्राचा अभ्यास करत बसली होती. दार वाजलं. काका होते. हातात बरणी नव्हती. खुर्ची ओढून रेवासमोर बसले.

"तुझ्या आजीला मत नव्हतं, माहितीये तुला?"

रेवाने मान वर केली. "व्हॉट डू यू मीन?"

"ती अमेरिकेची नागरिक झालीच नाही. म्हणायची, मी तुमच्यामागून आले, तुमच्या नागरिकत्वामागून नाही. तू नऊ-दहा वर्षांची होतीस तेव्हा हीच बाई पहिल्यांदा उभी होती. समोर एक तरुण होता. आजीला बाई हवी होती. मला म्हणाली, तुम्ही कायम पडणाऱ्यालाच मत देता, तर एकदा तुमचं मत मला द्या. माझ्या वतीने हिला टाका."

"अँड?"

"मी म्हणालो, मत उसनं देता येत नाही. एक माणूस, एक मत. घटना, इतिहास, सगळं सांगितलं. ती पोळ्या करत होती. 'बरं' म्हणाली. मी गेलो आणि त्या तरुणाला मत देऊन आलो. तो जिंकला. आयुष्यात एकदा माझा माणूस जिंकला आणि घरात कोणाला सांगायची सोय नव्हती." त्यांनी टेबलावरचं पेन उचलून पुन्हा ठेवलं. "वर तिला म्हणालो होतो, पुढच्या वेळी उभी राहिली तर बघू. पुढच्या वेळेपर्यंत तुझी आजी थांबली नाही."

रेवाने पुस्तक मिटलं. "सो इन मार्च, दॅट वॉज आजी'ज व्होट?"

"हो."

"पण तुमची भाषणं? एक्सपीरियन्स अँड ऑल दॅट?" गडबडीत तिच्या तोंडून मराठी आलं.

"वकिलाला अशील पटलाच पाहिजे असं नाही."

"मग तुम्हाला कोण पटत होतं?"

काका खिडकीकडे बघत म्हणाले, "तुझा म्हातारा बरा बोलतो."

मला वाटलं, आता पोरगी उठेल आणि त्यांच्या गळ्यात पडेल. रेवा उठली ती लाल होऊन. "यू येल्ड ॲट मी द होल समर! अँड यू ॲग्रीड विथ मी?" तिने पुस्तकं गोळा केली. "आणि आता मी आजीसाठी मत द्यायचं? दॅट्स नॉट हाउ इट वर्क्स. एक माणूस, एक मत. तुम्हीच म्हणालात."

"बरं," काका म्हणाले.

ती दार आपटून वर गेली. काकांनी माझ्याकडे चहा मागितला आणि तो न पिताच बसून राहिले.

ऑक्टोबरमध्ये शुभदाताईने जिन्यात मला थांबवून सांगितलं, की रेवाने मतपत्रिका मागवली होती आणि भरून पाठवलीही. कोणाला मत दिलं, ते तिने आईलाही सांगितलं नाही. काकांना हे कळलं होतं का, कोण जाणे. त्यांनी विचारलं नाही एवढं खरं.

नोव्हेंबरमध्ये निकाल आला तो आमच्याकडे दुपारी. मी घरूनच काम करत होते. वर गेले तर काका आणि रेवा सोफ्याच्या दोन टोकांना बसलेले. जसजशी राज्यं समोरच्या पक्षाकडे जाऊ लागली, तसतशी रेवा सरकत सरकत मध्यावर आली. शेवटी तिने काकांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडली. आता हरण्यावर काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून मी तयार होते. त्या विषयात त्यांच्याइतका अभ्यास कोणाचा नव्हता. पण त्यांनी खिशातून रुमाल काढून तिला दिला, तिने वापरून परत केला, मग त्यांनी वापरला.

"आजी असती तर काय म्हणाली असती?" रेवाने विचारलं.

काकांनी रुमालाची घडी घातली. "म्हणाली असती, टीव्ही बंद करा, पोळ्या गार होतायत."

पुढच्या वर्षी रेवा शिकायला अमेरिकेला गेली. मी ऑकलंडला बदली घेतली, तिथल्या बॉटनी डाउन्स भागात घर केलं. रविवारी काय भाजी करायची हे आता मी एकटीच ठरवते आणि ते फार कंटाळवाणं काम आहे.

दोन हजार एकोणीस संपता संपता कामासाठी वेलिंग्टनला गेले, तेव्हा काकांकडे उतरले. ते थकले होते, पण घरात पुन्हा अमेरिका शिरली होती. पक्षाच्या उमेदवारीसाठी या वेळी गर्दी होती आणि त्या गर्दीत तो म्हाताराही होता. सकाळी रेवाचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, केसांवरून हात फिरवला आणि मलाही शेजारी बसवलं. साक्षीदार म्हणून.

"रेवा, ऐक," ते म्हणाले. "मागच्या वेळचं मत तुझ्या आजीचं होतं. ते देऊन झालं. आता मी मोकळा आहे. यंदाचं मत माझं स्वतःचं, आणि ते मी तुझ्या म्हाताऱ्याला देणार."

एवढं बोलून ते खुर्चीत मागे टेकले. स्क्रीनवर रेवा वाडग्यातून काहीतरी खात होती. तिचा चमचा थांबला.

"ओह," ती म्हणाली. "आजोबा, मी नाही देणार त्याला."

"का?"

"ही'ज सो ओल्ड, आजोबा."

  काकांनी चष्मा वर केला आणि फोन डोळ्यांच्या अगदी जवळ धरला.

"तुझ्या मागची खिडकी उघडी दिसतेय," ते म्हणाले. "तिकडे बर्फ पडत असेल. ती लाव आधी."

रेवाने वाडगा खाली ठेवला, उठली आणि खिडकी लावून आली.